डेटा म्हणे बोलतो!

मंडळी, आमच्या धंद्यात एक वाक्य भलतंच चलनात आहे. 'लेट द डेटा स्पीक.' मीटिंगमध्ये दोघांचं वाजलं की तिसरा कुणीतरी (बहुधा ज्याने दोघांपैकी एकाचंही नीट ऐकलेलं नसतं) खुर्चीत मागे रेलून हे वाक्य टाकतो आणि सगळे एकदम गप्प. जणू आता पडद्यावरचा आलेख उठून उभा राहणार आणि निकाल वाचून दाखवणार!

माझा या वाक्यावर जुना राग आहे. एका प्रोजेक्टवर ग्राहक रोज ओरडायचे की रात्री सिस्टिम अडकते. आणि आमचा डॅशबोर्ड रोज हिरवागार. का? तर डॅशबोर्डवर पाच-पाच मिनिटांची सरासरी दिसायची आणि सिस्टिम अडकायची चाळीस सेकंद. त्या सरासरीत चाळीस सेकंद कुठल्या कुठे विरघळून जायचे. साहेब मात्र ठाम, "डेटा सांगतोय सगळं ठीक आहे." अहो, डेटा काही सांगत नव्हता. तुम्ही त्याला 'पाच मिनिटांत सरासरी कसं चाललंय' एवढंच विचारलंत, त्याने तेवढंच उत्तर दिलं. साक्षीदाराला जेवढं विचारावं तेवढंच तो बोलतो, हे कुठलाही वकील सांगेल.

असो. ऑफिसचं रडगाणं शनिवारी नको. पण याच रोगाची याहून कितीतरी मोठी केस आहे आणि ती आपल्या डोक्यावर, अगदी शब्दशः डोक्यावर आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास पुण्या-मुंबईतून वर बघितलं तर जवळजवळ माथ्यावर ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसतो. महाश्व तारकासमूहातला भाद्रपदांचा चौकोन. त्याच्या पश्चिमेच्या बाजूचे दोन तारे म्हणजे आपलं पूर्वाभाद्रपदा नक्षत्र. या दोघांना जोडणारी रेघ मनात काढा आणि साधारण मध्यावर, रेघेच्या किंचित बाहेर बघा. तिथे एक अगदी मंद तारा आहे. शहरातून दिसणार नाही, पण मावळात किंवा भंडारदऱ्याला अंधारी रात्र मिळाली आणि डोळे चांगले असले तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचं नाव ५१ पेगासाय. अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षं. रंगाने, तापमानाने, वजनाने आपल्या सूर्याचा सख्खा भाऊ शोभावा असा.

६ ऑक्टोबर १९९५ रोजी इटलीत फ्लोरेन्सच्या एका परिषदेत मिशेल मायोर आणि दिदिए केलो या जिनिव्हाच्या दोघांनी जाहीर केलं की या ताऱ्याभोवती एक राक्षसी ग्रह फिरतोय. वजन निदान अर्ध्या गुरूइतकं. आणि त्याचं वर्ष किती? सव्वाचार दिवसांचं! आपला गुरू सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळपास १२ वर्षं घेतो. आणि हा बाबा सोमवारी निघाला की शुक्रवारी परत. ताऱ्यापासूनचं अंतर बुधाच्या अंतराच्या जेमतेम एक अष्टमांश, तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पक्का सापडलेला हा पहिला ग्रह. २०१९ मध्ये दोघांना यासाठी भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

ही गोष्ट जिथे-तिथे एकाच चालीवर सांगितली जाते. आधी उपकरणं अचूक नव्हती, मग ती अचूक झाली आणि ग्रह सापडला. तंत्रज्ञान पुढे गेलं की विज्ञान पुढे जातं, टाळ्या! आपल्यासारख्या इंजिनियर लोकांना ही चाल फार आवडते, कारण तिच्यात हिरो आपण असतो. माझं म्हणणं असं की ही गोष्ट निम्मी खरी आहे, आणि निम्मं खरं फार त्रासदायक असतं.

आधी ग्रह शोधतात कसा ते बघू. फुगडी आठवा. दोघी सारख्या वजनाच्या असतील तर दोघी सारख्याच गिरकतात. पण बाबा आणि चार वर्षांची चिमुरडी फुगडी खेळायला लागले की चिमुरडी गरागरा फिरते आणि बाबा जागच्या जागी थोडेसे डुलतात. आता समजा अंधारात चिमुरडी दिसतच नाहीये. तरी बाबांचं डुलणं बघून तुम्ही ओळखाल की कुणीतरी हात धरलेला आहे. ग्रह दिसत नाही, तारा डुलताना दिसतो. तो आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या रेषा किंचित निळ्याकडे सरकतात, लांब जाताना तांबड्याकडे. त्यावरून वेग काढायचा. गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला साधारण १२ मीटर वेगाने डुलतो, म्हणजे गल्लीतून स्कूटर जावी तितपत. ५१ पेगासाय डुलतो सेकंदाला ५०-६० मीटरने, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटर. कारण सोपं आहे. ग्रह जितका जवळ, तितकी फुगडी जोरात.

आता हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. जवळचा मोठा ग्रह शोधणं लांबच्या ग्रहापेक्षा सोपं आहे. आणि त्याच्यासाठी १२ वर्षं थांबायचीही गरज नाही, आठवड्याभरात फेरी पुरी. मग आधी सोपं का नाही शोधलं?

एकाने सुचवलं होतं की! ओटो स्ट्रुव्ह हे त्या काळातलं खगोलशास्त्रातलं बडं प्रस्थ. कुणी कोपऱ्यातला उपेक्षित विक्षिप्त नव्हे. १९५२ मध्ये त्यांनी 'द ऑब्झर्व्हेटरी' या नियतकालिकात एक छोटंसं टिपण लिहिलं. त्यातला मुद्दा असा की एखादा गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ, दिवसाभरात फेरी मारत असू शकणार नाही असं मानायला काही कारण नाही. तसा असेल तर तारा सेकंदाला २०० मीटरने डुलेल. ग्रह गुरूच्या दहापट असेल तर दोन किलोमीटरने, आणि दोन किलोमीटर तर तेव्हाच्या उपकरणांनाही सहज दिसले असते. शिवाय हा ग्रह अधूनमधून ताऱ्यासमोरून जाईल तेव्हा ताऱ्याचा प्रकाश दोन टक्क्यांच्या आसपास कमी होईल, तोही मोजता येण्याजोगा. दोन पानांत दोन पद्धती, दोन्हींचे आकडे, सगळं तयार. आज आपण ज्या दोन मार्गांनी सर्वांत जास्त ग्रह शोधतो ते हेच दोन.

त्या टिपणाचं काय झालं? काही नाही. ते छापलं गेलं, ग्रंथालयांत गेलं, बाइंडिंग झालं. ४३ वर्षं कपाटात.

का, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर ते 'शास्त्रज्ञ मूर्ख होते' असं नाही. त्यांच्याकडे एक चांगला सिद्धांत होता. मोठा ग्रह बनायला भरपूर घन माल लागतो. ताऱ्याजवळ उष्णतेमुळे पाण्याचा बर्फ टिकत नाही, एका ठरावीक अंतरापलीकडे (याला हिमरेषा म्हणतात) तो टिकतो, म्हणून तिथेच माल भरपूर, म्हणून राक्षसी ग्रह तिथेच. आपल्या सूर्यमालेत बघा, बरोब्बर तसंच आहे. हा सिद्धांत आजही टाकून दिलेला नाही. गुरूसारखे ग्रह लांबच जन्मतात असंच आजही बहुतेकांना वाटतं. घोटाळा पुढच्या पायरीवर झाला. 'जिथे जन्मतो तिथेच राहतो' हे कुणी सिद्ध केलं नव्हतं, ते फक्त गृहीत होतं. बरं, ग्रह ज्या वायूच्या चकतीत जन्मतो त्या चकतीशी ओढाताण होऊन तो आपली जागा सोडू शकतो, हे गणित पीटर गोल्डराइख आणि स्कॉट ट्रिमेन यांनी १९८० मध्येच मांडलेलं होतं. म्हणजे निरीक्षणाचा प्रस्ताव एका कपाटात, सिद्धांत दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही कपाटांच्या किल्ल्या वेगवेगळ्या लोकांकडे. आपल्या कंपन्यांत असं कधी होतं का हो? :)

आणि हा सगळा अंदाज बेतलेला किती उदाहरणांवर? एका. एकच सूर्यमाला माहीत होती, ती म्हणजे आपली. एका ग्राहकाच्या सवयी बघून सगळ्या बाजारासाठी प्रॉडक्ट बनवणाऱ्याला आपण काय म्हणतो?

आता मुख्य साक्षीदार. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत जेफ मार्सी आणि पॉल बटलर १९८७ पासून हेच काम करत होते. ताऱ्याचा प्रकाश आयोडीनच्या वाफेतून पाठवायचा, म्हणजे ताऱ्याच्या वर्णपटावर आयोडीनच्या शेकडो बारीक रेषांची फूटपट्टीच छापली जाते आणि वेग अचूक मोजता येतो. पद्धत अफलातून आणि माणसं कमालीची चिकाटीची, शंभराहून जास्त तारे त्यांच्या यादीत होते. पण वर्णपटातून वेग काढायला तेव्हाच्या संगणकांना फार वेळ लागायचा. मग काय केलं? निरीक्षणं घेत गेले आणि साठवत गेले. घाई कसली? गुरू शोधायचा तर १२ वर्षं लागणारच की! डेटा काही पळून जात नाही.

ऑक्टोबर १९९५ मध्ये फ्लोरेन्सहून बातमी आली. दोघांनी लगेच लिकची दुर्बीण ५१ पेगासायकडे वळवली आणि चार रात्रींत खात्री करून दिली की हो, तारा डुलतोय. आणि मग त्यांना जाणवलं असेल की आपल्या डिस्कवर काय पडून असू शकतं. मिळतील तिथून संगणक जमवले, रात्रंदिवस जुना डेटा दळायला घातला, आणि डिसेंबर संपता संपता ग्रह बाहेर पडायला लागले. जानेवारी १९९६ मध्ये त्यांनी दोन जाहीर केले. पैकी ७० व्हर्जिनिस या सूर्यासारख्याच ताऱ्याचा ग्रह गुरूच्या सहापटींहून जड, फेरी ११७ दिवसांची, आणि तारा डुलतोय सेकंदाला तीनशे मीटरहून जास्त वेगाने! तीनशे! हा काही कुजबुजणारा संकेत नव्हता, हा ढोल होता. त्यांनी निरीक्षणं सुरू केल्यापासून तो ग्रह वीसेक प्रदक्षिणा घालून झाला होता. कुणी विचारलंच नाही, तर बोलणार कोण?

'लेट द डेटा स्पीक' म्हणणाऱ्यांनी इथे थोडा वेळ थांबावं. डेटा होता, चांगला होता, हुशार माणसांच्या हातात होता. आठ वर्षं तो एक अक्षर बोलला नाही.

मग जिनिव्हावाल्यांचं काय वेगळं होतं? दुर्बीण तर मुळीच नाही. दक्षिण फ्रान्सच्या ओत-प्रोव्हाँस वेधशाळेतली १.९३ मीटर आरशाची दुर्बीण, १९५८ पासून कामावर असलेली. (आपल्या आयुकाची गिरवलीची दुर्बीण दोन मीटरची आहे, म्हणजे तिचा आरसा याहून कणभर मोठाच.) त्या काळात हवाईत दहा मीटरची केक दुर्बीण सुरूही झालेली होती. नवा होता तो दुर्बिणीला जोडलेला एलोडी नावाचा वर्णपटमापक. अचूकता सेकंदाला सुमारे १३ मीटर. तेवढी अचूकता मात्र बाजारात नवी नव्हती. कॅनडाचे ब्रूस कॅम्बेल आणि गॉर्डन वॉकर यांनी हवाईतल्या दुर्बिणीवर १९८० च्या दशकातच ती जवळपास गाठली होती, तीही हायड्रोजन फ्लोराइडसारख्या जीवघेण्या वायूची नळी वापरून. त्यांनी १२ वर्षं २१ तारे बघितले आणि ऑगस्ट १९९५ मध्ये निष्कर्ष छापला की गुरूसारखं काही सापडलं नाही. फ्लोरेन्सच्या फक्त दोन महिने आधी! त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. असले तापलेले राक्षस शंभर ताऱ्यांमागे जेमतेम एखाद्याकडे असतात हे आज आपल्याला माहीत आहे. २१ ताऱ्यांत तो न लागणं हे साधं नशीब.

फरक माझ्या मते दोन ठिकाणी होता. एक, मायोर हे जोडताऱ्यांचे माणूस. जोडताऱ्यांत जोडीदार जवळ असू शकतो, लांब असू शकतो, दोन दिवसांत फिरू शकतो नाहीतर दोनशे वर्षांत. त्यामुळे त्यांच्या यादीतल्या १४२ ताऱ्यांना विचारलेला प्रश्न 'तुझ्याकडे गुरू आहे का?' असा नव्हता, 'तुझ्यासोबत कोण आहे?' असा होता. ग्रह असो, तपकिरी बटू असो, कुणीही असो. दोन, आणि हे आपल्या लोकांनी जरा लक्ष देऊन ऐका, केलो हा तेव्हा पीएचडीचा विद्यार्थी आणि एलोडीचं सॉफ्टवेअर त्याने लिहिलेलं. निरीक्षण संपलं की काही मिनिटांत वेगाचा आकडा समोर. उत्तर लगेच मिळालं की माणूस लगेच पुढचा प्रश्न विचारतो. आठ वर्षांनी मिळणार असेल तर प्रश्न सुचतसुद्धा नाही. तेव्हा सॉफ्टवेअर हिरो आहे, मान्य. पण ते अचूक होतं म्हणून नव्हे, चटकन होतं म्हणून.

१९९४ च्या शरद ऋतूत केलोला आकडे हलताना दिसले तेव्हा त्याला ग्रह वगैरे काही वाटलं नाही. आपला प्रोग्राम गंडलाय असं वाटलं. (हा माणूस आपला आहे!) साहेब हवाईत. हा एकटाच बग शोधत बसला. बग काही सापडेना. मग तारा सूर्याआड गेला. दोघांनी आधी गणित मांडून ठेवलं की पुन्हा दिसेल तेव्हा वेग अमुक असला पाहिजे, आणि जुलै १९९५ पर्यंत गप्प बसले. जुलैत आकडे जुळले. तेव्हा कुठे पेपर लिहायला घेतला.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. 'झाल्यावर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं. खगोलशास्त्रज्ञ सावध होते कारण ते आधी पोळलेले होते.' खरंय. १९६३ मध्ये पीटर व्हान डी काम्प यांनी बर्नार्डच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचं जाहीर केलं. तो तारा नव्हे, त्यांच्या दुर्बिणीची भिंगंच हललेली होती असं पुढे निघालं. १९९१ मध्ये अँड्र्यू लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पल्सारभोवती सहा महिन्यांत फिरणारा ग्रह जाहीर केला. सहा महिने हा आकडा ऐकूनच शंका यायला हवी, कारण तो आपल्या पृथ्वीच्या वर्षाच्या बरोब्बर निम्मा. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट आहे ही दुरुस्ती गणितात नीट लागली नव्हती. जानेवारी १९९२ मध्ये लाइन यांनी भर परिषदेत उभं राहून दावा मागे घेतला, आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. खुद्द ५१ पेगासायलाही १९९७ मध्ये डेव्हिड ग्रे यांनी आव्हान दिलं की हा ग्रह नाही, ताऱ्याचा पृष्ठभागच धडधडतोय. पुढच्या वर्षी नवी निरीक्षणं आल्यावर त्यांनीच माघार घेतली.

तर सावधपणा हवाच. पण सावधपणा कुठे वापरायचा? उत्तर मिळाल्यावर त्याला दहा दिशांनी ठोकून बघणं हा सावधपणा. केलोने नऊ महिने तेच केलं. प्रश्नच न विचारणं हा सावधपणा नव्हे, ती सवय. आणि आपण मोठ्या अभिमानाने दुसऱ्याला पहिल्याचं नाव देतो.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. कधीकधी प्रश्न बरोबर असतो, डेटाही असतो, फक्त चांगली साधनं मिळत नाहीत. त्याचं उदाहरण आपल्याकडचंच आहे, आणि गंमत म्हणजे आज ते आकाशात कोरलेलं आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने देशोदेशींना एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला. भारताच्या वाट्याला आला सूर्यासारखाच एक तारा आणि त्याच्याभोवती जेमतेम दोन दिवसांत फिरणारा, गुरूच्या दीडपट वजनाचा ग्रह, म्हणजे ५१ पेगासायच्याच जातकुळीतला. ताऱ्याचं नाव ठेवलं बिभा, ग्रहाचं संतमस. बिभा म्हणजे बिभा चौधरी. त्यांनी आणि देबेंद्र मोहन बोस यांनी १९४० च्या आसपास दार्जिलिंगच्या डोंगरात फोटोच्या काचा ठेवून विश्वकिरणांतल्या मेसॉन कणांच्या खुणा टिपल्या, 'नेचर'मध्ये छापल्या. पुढे जायला अधिक संवेदनशील काचा हव्या होत्या. युद्धामुळे त्या मिळाल्या नाहीत. तसल्याच पद्धतीने, चांगल्या काचा वापरून, ब्रिटनमध्ये सेसिल पॉवेल यांनी काम पुढे नेलं आणि १९५० चं नोबेल त्यांना मिळालं. बिभाताई १९४९ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आल्या, तिथल्या पहिल्या महिला संशोधक. आपल्यापैकी किती जणांनी ते नाव तारा व्हायच्या आधी ऐकलं होतं?

तेव्हा साधनं लागतात, हे मला कबूल आहे. पण म्हणूनच साधनांचं निमित्त जपून वापरावं. बिभाताईंना ते वापरायचा हक्क होता. टेराबाइट डेटा भाड्याने मिळत असताना आपल्याला नाही.

आणि गंमत पुढेच आहे. १९९५ नंतर लंबक उलट्या टोकाला गेला. एकामागून एक असलेच तापलेले राक्षस सापडायला लागले आणि सूर सुरू झाला की आपली सूर्यमालाच विचित्र, बाकीच्यांकडे तर गुरू अंगणात! 'डेटा बोलतोय!' पुन्हा तेच. अहो, जवळचे मोठे ग्रह आधी सापडले कारण ते सापडायला सोपे. मोठ्या छिद्रांची चाळणी घेऊन समुद्रात गेलात तर समुद्रात मोठेच मासे आहेत असं वाटणारच. लांबचा, आपल्या गुरूसारखा ग्रह शोधायचा तर एकाच ताऱ्याकडे वर्षानुवर्षं बघत राहावं लागतं. एचआयपी ११९१५ या जवळजवळ सूर्याचा जुळा म्हणावा अशा ताऱ्याभोवती जवळजवळ गुरूच्याच वजनाचा, सुमारे दहा वर्षांत फेरी मारणारा ग्रह जाहीर झाला तो २०१५ मध्ये. पहिल्यानंतर वीस वर्षांनी. दरवर्षी प्रगतीचा अहवाल मागणाऱ्या कुठल्या समितीला हे दहा वर्षांचं काम पटवायचं, हा वेगळाच विषय.

यंत्रांवर सोपवून सुटकाही नाही. केप्लर दुर्बिणीच्या डेटात प्रोग्राम ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणारी मंदी शोधत होते. जो ग्रह दोन ताऱ्यांभोवती फिरतो तो वेळ काटेकोर पाळत नाही, कारण तारे स्वतःच हललेले असतात. असा एक ग्रह प्रोग्रामच्या हातून निसटला आणि २०१२ मध्ये जाहीर झाला तो घरी बसून आलेख न्याहाळणाऱ्या हौशी लोकांमुळे. 'ठरावीक काळाने' ही अट कुणीतरी माणसानेच लिहिली होती ना?

आता शेवटचा पुरावा, आणि हा मी स्वतः हाताळलाय. एचडी २०९४५८ नावाचा सूर्यासारखा तारा, हाही महाश्वातलाच. सप्टेंबर १९९९ मध्ये डेव्हिड शार्बोनो यांनी अवघ्या दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीने पाहिलं की त्याचा राक्षसी ग्रह समोरून जाताना तारा दीड-पावणेदोन टक्के मंद होतो. म्हणजे ग्रहाचं अधिक्रमण, स्ट्रुव्ह यांची दुसरी पद्धत. दहा सेंटिमीटर! हौशी मंडळींच्या घरात याहून मोठ्या दुर्बिणी असतात. बातमी आल्यावर काही जणांनी हिप्पार्कस उपग्रहाची जुनी फाइल उघडली. हिप्पार्कसने १९८९ ते १९९३ या काळात लाखाहून जास्त ताऱ्यांची तेजस्विता मोजली होती, १९९७ मध्ये सगळं जगासाठी खुलं केलं होतं. या ताऱ्याच्या ८९ नोंदी होत्या. त्यातल्या पाच नेमक्या ग्रह समोर असतानाच्या. १९९१ मधलं अधिक्रमण त्यात होतं, ५१ पेगासायच्या घोषणेच्या चार वर्षं आधीचं.

ती फाइल आजही फुकट उतरवून घेता येते. मी घेतली. पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम, एका दिलेल्या कालावधीची घडी घालून सगळे बिंदू एकावर एक आणायचे, बस्स. कालावधी ३ दिवस दिला, तर चुरमुरे सांडल्यासारखे बिंदू. ४ दिला, तेच. ३.५ दिला, तेच. ३.५२४७ दिला, तर पाच ठिपके एका जागी गोळा होऊन बाकीच्यांच्या जरासे खाली उतरतात.